सिंकनंतरची भिंत

मास्तरांच्या वर्गाला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. खाली टायरचं दुकान, दुकानाच्या अंगाने चढणारा लोखंडी जिना आणि जिन्याच्या टोकाला एक खोली. खोलीत आठ खुर्च्या, एक फळा आणि एक पंखा. तो चालू केला की मास्तरांना ओरडून बोलावं लागे आणि बंद केला की विद्यार्थी पेंगत. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चार ते साडेपाच. विद्यार्थी म्हणजे काही पोरंसोरं नव्हेत. नोकरीत केस पांढरे झालेली माणसं, बढतीसाठी आपापल्या खात्याच्या परीक्षेला बसलेली, सगळ्यांचा दिवस एकच. पुस्तक उघडलं की यांना पहिली आठवण झोपेची यायची.

मास्तरही तसे काही खरे मास्तर नव्हते. मोटारीच्या सुट्या भागांच्या गोदामात त्यांनी तीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली होती. बारा हजार भाग, चाळीस रॅक, आणि कुठला नट कुठल्या खणात हे ते रजिस्टर न उघडता सांगायचे. साहेब लोक म्हणत, "याचं डोकं आहे की कपाट?" मास्तरांना ते कौतुक आवडायचं, पण पटायचं नाही. डोकं सगळ्यांना सारखंच मिळतं, असं त्यांचं म्हणणं. लोक त्यात वस्तू भिरकावतात आणि मग सापडत नाही म्हणून बोंब मारतात. आपण जागच्या जागी ठेवतो, एवढाच फरक. निवृत्त झाल्यावर तेच ते शिकवू लागले.

पद्धत साधी होती. आपलं घर डोळ्यांसमोर आणायचं. दारापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत दहा जागा ठरवायच्या, ठरलेल्या क्रमाने. जे पाठ करायचं त्याचं एकेक चित्र करून एकेका जागी ठेवायचं, आणि चित्र जितकं चमत्कारिक तितकं बरं. परीक्षेत मनातल्या मनात दारातून आत शिरायचं आणि एकेक उचलत जायचं. नियम एकच, घर स्वतःचं हवं. त्यामुळे प्रत्येक तुकडीचे पहिले दोन आठवडे ते नुसतं घर फिरवून घेत. माणसं वैतागत. आम्ही शिकायला आलोय की घराची मोजणी करायला, असं कुणीतरी हमखास विचारी.

या तुकडीला मात्र त्यासाठी दोन आठवडे देणं शक्यच नव्हतं. परीक्षा महिनाभर अलीकडे आली. एकोणीस दिवस उरले, आणि कुणाचंच घर धड फिरून झालेलं नव्हतं. एका नर्सचं घर दर वर्षी बदलायचं, एका कंडक्टरच्या घरात अकरा माणसं राहत आणि एकही वस्तू जागेवर सापडत नसे. मास्तरांनी जे दहा वर्षांत केलं नव्हतं ते त्या दिवशी केलं. फळ्यावर त्यांनी आपल्या स्वतःच्या घराचा नकाशा काढला.

"घ्या. आयत्या बिळावर नागोबा व्हा," ते म्हणाले, आणि वर्ग हसला.

दार, चपलांचं कपाट, मीटरचा बोर्ड, पलंग, खिडकी, टेबल, फ्रीज, ओटा, सिंक, गॅलरी. दहा थांबे. थांबे म्हटल्यावर कंडक्टर तर खूशच झाला. प्रत्येक जागा मास्तरांनी अशी वर्णन केली की पलंगाचा कुरकुरणारा पायसुद्धा लोकांना दिसला. द्यायला त्यांचं काही जातही नव्हतं. ते घर आता कुठेच नव्हतं. रस्ता रुंद करताना इमारत पाडली त्याला सहा वर्षं झाली होती. जिथे तिसऱ्या मजल्यावर सिंक होतं तिथे आता नुसती हवा होती आणि तिच्याखालून ट्रक जायचे.

एकच गोष्ट त्यांनी नकाशात खोटी काढली. सिंक आणि गॅलरी यांच्यामध्ये डाव्या हाताला आतल्या खोलीचं दार होतं. तिथे त्यांनी सरळ रेघ ओढली.

"सिंकनंतर भिंत. भिंतीला लागून सरळ गॅलरीत जायचं," त्यांनी सांगितलं.

आतल्या खोलीत त्यांची बायको होती.

ती जाऊन आठ वर्षं झाली होती. मास्तर रोज वर्ग किंवा चहा आटोपला की साडेपाचला खुर्चीत बसत, डोळे मिटत आणि त्या घरात शिरत. सिंकपाशी डावीकडे वळून दार लोटत. ती शिलाई मशीनवर पाठमोरी बसलेली असे, मान खाली, दोरा दातांत. न वळता म्हणे, "आलात? दार लोटून घ्या." मास्तर दार लोटून अर्धा तास उभे राहत आणि परत येत. रोज तेवढंच. त्यांना ठाऊक होतं की आठवण ही काही खणात ठेवलेली वस्तू नसते. आवाज एकीकडे असतो, रंग दुसरीकडे, वास तिसरीकडे. आठवताना मेंदू ते सगळं पुन्हा जोडतो आणि परत ठेवताना थोडं वेगळं ठेवतो. जितकं जास्त हाताळाल तितकं ते झिजतं. म्हणून त्यांनी तिला हाताळलंच नव्हतं. एक जागा, एक वाक्य. आठ वर्षांत एका टाक्याचा फरक पडू दिला नव्हता, आणि याचा त्यांना मनातून मोठा अभिमान होता.

पहिला आठवडा झकास गेला. माणसं धडाधड याद्या म्हणू लागली. कंडक्टरने पलंगावर उंट बसवला होता. नर्सने सिंकमध्ये बर्फाची लादी ठेवली होती आणि तिच्यावर औषधांचे डोस कोरले होते. शुक्रवारी ती बिनचूक यादी म्हणत सिंकपर्यंत आली आणि सहज म्हणाली, "फडकं आहे म्हणून बर्फ घसरत नाही."

"कसलं फडकं?" मास्तरांनी विचारलं.

"नळाखाली ठेवलंय ना, निळ्या काठाचं. नळ गळतो त्याचा आवाज येऊ नये म्हणून."

मास्तर खडू हातात धरून उभे राहिले. फडकं होतं, निळ्या काठाचंच होतं. बायको ठेवायची. टपटप ऐकलं की तिचं डोकं उठायचं. पण ते त्यांनी वर्गात सांगितल्याचं त्यांना आठवेना. बोलता बोलता सांगून गेलो असू, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला. गळका नळ काय, कुठल्याही घरात असतो.

मंगळवारी कंडक्टरने हात वर केला. "सर, एक विचारू का? तुमच्या घरात मशीन कोण चालवतं?"

"कसली मशीन?"

"शिलाईची. भिंतीपलीकडून येतो आवाज. मी थांबलो की ती पण थांबते."

मास्तर काही बोलायच्या आत आणखी तिघांनी माना हलवल्या. विमा कंपनीतला एक जाडा कारकून म्हणाला, "मला वाटलं, खाली टायरवाल्याचं काहीतरी चाललंय." कुणी हसलं नाही. मास्तरांनी पंखा बंद केला. मग उगाच पुन्हा चालू केला.

त्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर ते तिथेच खुर्चीत बसले. डोळे मिटले. दारातच त्यांचा पाय अडखळला. चपलांच्या कपाटावर कुणीतरी मिठाची गोणी ठेवली होती, मीटरच्या बोर्डाला छत्र्या लटकत होत्या. पलंगावरच्या उंटाला वळसा घालून ते पुढे गेले. उंटाला वास येत होता. फ्रीजचं दार एका पितळी घंटेमुळे लागत नव्हतं. आपल्याच घरात ते चोरासारखे अंग चोरून चालत सिंकपाशी आले आणि डावीकडे वळले.

दार चार बोटं उघडं होतं.

ती मशीनवर बसली होती. "आलात? दार लोटून घ्या," ती म्हणाली. मास्तरांनी दार लोटलं. त्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात ती न वळता म्हणाली, "आज बरीच माणसं आलीत."

मास्तरांनी डोळे उघडले. फळा, खुर्च्या, खडूची धूळ.  आठ वर्षांत ती दुसरं वाक्य बोलली नव्हती, आणि हे वाक्य ती जिवंतपणी कधी बोलल्याचंही त्यांना आठवत नव्हतं.

घरी थोरली बहीण होती. इमारत पाडल्यापासून मास्तर तिच्याकडेच राहत. ताईची जीभ धारदार होती, पण कान त्याहून तीक्ष्ण. मास्तरांनी आडवळणाने थोडंफार सांगितलं. बाकीचं तिनेच ओढून काढलं.

"म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना घरात घेतलंस आणि वर म्हणतोस, ते आतल्या खोलीत का शिरले?"

"ताई, ते घर नाहीये. ती पद्धत आहे."

"असेल बाबा. मला काय कळतंय!"

मास्तरांनी थोडा वेळ पानावरचा घास चिवडला. मग विचारलं, "ती एरवी काय बोलायची गं?"

"कोण, तुझी बायको?" ताई हसायलाच लागली. "अरे, तिचं तोंड मिटायचं कधी? सकाळी जी टकळी सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. आणि हसायची तर काय, खालच्या मजल्यावरचे वर बघायचे. तूच नाही का चिडायचास?"

मास्तरांना त्यातलं काहीच आठवेना. त्यांनी हसणं शोधलं, ते नव्हतं. टकळी शोधली, तीही नव्हती. होती ती पाठ, मान, दातांतला दोरा आणि एक वाक्य. मग त्यांनी तिचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. भिंतीवरचा फोटो समोर होता, पण फोटोतली बाई फोटोग्राफरकडे बघत होती. ती त्यांच्याकडे बघायची तेव्हा कशी दिसायची, ते गेलं होतं. त्यांनी एवढं जपून एकच गोष्ट ठेवली होती, आणि बाकीचं सगळं कधी गेलं ते त्यांना कळलंही नव्हतं. आता जी काय उरली होती ती त्या खोलीत होती.

शुक्रवारी नर्स वर्ग सुटल्यावर मागे राहिली.

"सर, माझ्याकडून चूक झाली. मी दार उघडलं."

"तिथे दार नाहीये, सिस्टर."

"तुम्ही भिंत म्हणालात, पण तिथे कडी आहे." ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, बाहेर गर्दी झालीय तर तू तुझं सामान इथे ठेव. म्हणून उरलेले डोस मी त्यांच्याकडेच ठेवलेत. त्यांची मान अवघडलीय, सर. विचारत होत्या, जरा उठून उभी राहिले तर चालेल का."

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, मला काय विचारता? उठा की."

मास्तरांना राग आला. तो कुणावर काढावा हे न कळून ते फळा पुसू लागले. पाठमोरेच त्यांनी विचारलं, "चेहरा कसा दिसतो तिचा?"

नर्सला ते कळलं नाही. "म्हणजे? तुम्हाला माहीत असेल ना!"

त्याच क्षणी सगळ्यांना घराबाहेर काढावं असं मास्तरांच्या मनात आलं. पण परीक्षा सोमवारी होती. आठ जणांचं सगळं सामान त्या घरात होतं. आता घर खाली केलं तर आठही जण कोरा पेपर देऊन येणार, आणि त्यांच्यातल्या दोघांची ही शेवटची संधी होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली.

शनिवारी मास्तर साडेपाचची वाट न बघता दोनदा आत गेले. रविवारी पाचदा. हाताळू नये हा त्यांचा स्वतःचाच नियम त्यांनी धाब्यावर बसवला. दर वेळी त्यांना खोलीतून बोलणं ऐकू यायचं, बायकांच्या गप्पांचा सूर, मध्येच हसण्याची सुरुवात. ते सिंकपाशी पोचले की सगळं थांबायचं. आत ती मशीनवर पाठमोरी. शेवटच्या दोन वेळा तिने नेहमीचं ते वाक्यही म्हटलं नाही.

"अगं, मी आलोय," ते म्हणाले.

सुई खालीवर होत राहिली. तिच्याखाली कापड नव्हतं.

मंगळवारी परीक्षा देऊन आठही जण आले. पेपर सोपे गेले होते, माणसं खुशीत होती. मास्तरांची दाढी वाढलेली होती. त्यांनी जिन्याचं दार लावून घेतलं.

"आज शिकवणं नाही. आज घर खाली करायचं," ते म्हणाले. "सगळ्यांनी डोळे मिटा. गॅलरीपासून उलटं यायचं. आपापली वस्तू उचलायची. सगळे दाराबाहेर आल्याशिवाय कुणी डोळे उघडायचे नाहीत. आतल्या खोलीत जायचं नाही."

"माझं सामान तिथेच आहे, सर," नर्स म्हणाली.

"उचल आणि निघ. बोलत बसू नकोस."

आठ जणांनी डोळे मिटले. मास्तरांनी पंखा बंद केला. खाली दुकानात कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. मिटलेल्या पापण्यांखाली सोळा बुबुळं सरकत होती, उजवीकडून डावीकडे, सावकाश. विम्याचा कारकून तोंडाने पुटपुटत होता. कंडक्टरचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता, जशी त्याला सवय होती.

नर्सची बुबुळं एका जागी थांबली. बराच वेळ थांबली. तिच्या ओठांवर हसू आलं.

"सिस्टर," मास्तर म्हणाले.

बुबुळं पुन्हा चालू लागली.

मग एकेकाने श्वास सोडला. कंडक्टरने सगळ्यांत शेवटी डोळे उघडले आणि तो हाताकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही, सर. सवयच आहे ना आमची. मी दारात उभा राहून डोकी मोजत होतो." त्याने पुन्हा पेरं मोजली. "आत आम्ही आठच होतो."

"मग?"

"नऊ उतरले."

खाली हातोडा थांबला होता. कंडक्टरने मान खाली घातली. "मला वाटलं, तुम्हीच असाल, सर. पण बाईमाणूस होतं. हातात काही नव्हतं त्यांच्या."

मास्तरांनी सगळ्यांसमोरच डोळे मिटले.

घर स्वच्छ होतं. मीठ नाही, छत्र्या नाहीत, उंटाचा वासही नाही. पलंगावरची चादर ताणलेली. मास्तर जवळजवळ धावतच सिंकपाशी गेले.

दार सताड उघडं होतं.

मशीनवर झाकण घातलेलं होतं. स्टूल आत सारून ठेवलेलं होतं, काम संपवून उठलेल्या माणसाने ठेवावं तसं.

ते त्या स्टुलावर बसले. येईल, असं त्यांना वाटलं. जाणार कुठे?

तीन आठवडे मास्तर रोज बसले. आधी अर्धा तास, मग तास, मग दुपारच्या दुपार. नव्या तुकडीला त्यांनी थांबवून ठेवलं. ताई जेवायला हाक मारी तेव्हा त्यांना ती लांबून, दोन-तीन भिंतींपलीकडून ऐकू येई. मान भरून येऊ लागली. "डॉक्टरला दाखव," ताई म्हणाली. ते हो म्हणाले आणि गेले नाहीत.

निकाल लागला, आठही जण पास झाले. नर्स एका दुपारी ते सांगायला वर्गात आली. मास्तर रिकाम्या खुर्च्यांसमोर बसले होते. त्यांनी तिचं अभिनंदनही केलं नाही.

"ती तुझ्याकडे आहे ना?"

नर्स दारातच थांबली. मग आत येऊन पहिल्या खुर्चीत बसली. "मी काही मुद्दाम नाही केलं, सर. तुम्ही म्हणायचात तसं मी आता माझं स्वतःचं घर वापरते. परवा यादी ठेवायला गेले तर बाई तिथे होत्या. खिडकीत बसलेल्या. शिवत वगैरे नाहीत. रस्त्यावरची गंमत बघत होत्या."

"हसते का?"

"खूप. शेजारी विचारतील असं वाटतं कधीकधी."

मास्तरांचे डोळे भरले. त्यांनी ते लपवलेही नाहीत. "सिस्टर, मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आत्ता जा. माझ्यासमोर जा. तिला सांग, मी वाट बघतोय. यायचं नसेल तर नको येऊस म्हणावं, पण एकदा मागे वळून बघ. एवढंच."

नर्सला नाही म्हणवेना. तिने हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. मास्तर तिच्या पापण्यांकडे बघत राहिले. बुबुळं सरकली, थांबली, वळली, पुन्हा सरकली. एका जागी स्थिरावली. नर्सचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग ती ऐकत राहिली. बराच वेळ गेला. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली.

तिने डोळे उघडले आणि ती मास्तरांकडे न बघता पर्सची चेन लावू लागली.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाली?"

"त्यांनी विचारलं, कोण मास्तर?"

मास्तरांनी उठून पंखा बंद केला.

"मी सगळं सांगितलं, सर. तुमचं नाव, घर, मशीन. त्यांना वाईट वाटलं, की आपल्याला कसं आठवत नाही. म्हणाल्या, थांब हं, बघते." नर्स उठून उभी राहिली. "मग त्यांनी डोळे मिटले आणि दारापासून शेवटपर्यंत सगळीकडे शोधलं. दोनदा."